तैपेईतील विद्यार्थीदशा : खरेदी व भटकंतीचे शास्त्रोक्त नियम

तैवानला शिकायला आलेल्या मराठी विद्यार्थ्याने बॅगा उघडण्याआधी पावणेतीनचा पाढा पाठ करावा. तैवानी डॉलरचा भाव खालीवर होत असतो, पण पावणेतीन रुपयांना एक असं धरून चाललं तर संसार साधारण जमतो. आजोबांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी औटकीसुद्धा घोकून घेत. पावणेतिनकी मात्र कुणी शिकवली नाही, कारण तेव्हाची मुलं तैपेईला पीएचडी करायला येत नसत. तेव्हाच्या गुरुजींचं हे अदूरदर्शीपण आता प्रत्येकाला सुपरमार्केटच्या फळीपुढे उभं राहून बोटांवर निस्तरावं लागतं.

सुरुवातीला हा पाढा अहोरात्र चालू ठेवावा. ६० डॉलरचा चहा म्हणजे १६५ रुपयांचा चहा, आणि तेवढ्यात सदाशिव पेठेतल्या अमृततुल्यात अख्ख्या वऱ्हाडाचा चहा झाला असता, हा हिशेब मनातल्या मनात मांडावा आणि चहा न पिता बाहेर पडावं. असं काही दिवस केलं की विद्यार्थी बारीक होतो. मग त्याला कळतं की भूक डॉलरमध्ये लागते आणि गुणाकार रुपयांत होतो, त्यामुळे दोन्हींची गाठ पडत नाही. तिथून पुढे नियम सोपा आहे : उपाशीपोटी गुणाकार करू नये. जेवल्यावर करायला हरकत नाही. तेव्हा तो पचनाला मदत करतो.

पाढ्यानंतरचा धडा सवलतीचा. दुकानाच्या काचेवर लाल अक्षरांत ८५ हा आकडा आणि त्यापुढे एक चिनी अक्षर दिसलं की नवखा विद्यार्थी आनंदाने आत घुसतो. १०० ची वस्तू १५ ला! गल्ल्यावर उलगडा होतो की तो आकडा सूट किती याचा नसून पैसे किती द्यायचे याचा आहे. ८५ म्हणजे शंभरातले पंचाऐंशी द्या. ९ म्हणजे नव्वद द्या. आपल्याकडचा दुकानदार जे सोडतो त्याची जाहिरात करतो, इथला जे घेणार त्याची करतो. आमच्या मते हे जास्त प्रामाणिक आहे, पण प्रामाणिकपणामुळे खरेदीची सगळी नशा उतरते, हेही नमूद करायला हवं.

घासाघीस करण्याचा विचार तुळशीबागेत तयार झालेल्या मनात येणारच. रात्रबाजारात किमती पाटीवर लिहिलेल्या असतात आणि पाटीशी वाद घालता येत नाही. च्येनक्वो रस्त्यावरच्या उड्डाणपुलाखाली शनिवार-रविवारी जेडच्या खड्यांचा बाजार भरतो, तिथे मात्र भाव करण्याची मुभा आहे. पण जेडचा खरा खडा आणि रंगवलेली काच यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने भाव अर्ध्यावर आणून मिळवायचं काय? त्याने शेजारच्या फुलबाजारात जावं, तुळशीचं रोप शोधावं, त्याऐवजी मिळालेलं दुसरंच काहीतरी कुंडीत लावावं आणि घरी व्हिडिओ कॉलवर लांबूनच दाखवावं.

घासाघिशीची खरी भूक सकाळच्या भाजीबाजारात भागते, तीही एक शब्द न बोलता. भाजीचे पैसे दिले की भाजीवाल्या बाई पिशवीत कांद्याच्या पातीच्या दोन काड्या स्वतःहून घालतात. मंडईत मिरची-कोथिंबीर फुकट मागून घेणाऱ्या आईच्या मुलाला इथे गहिवरून येतं. मात्र पाती मागू नये, वाट पाहावी. पिशवी उघडी धरून, नजर दुसरीकडे वळवून, चेहऱ्यावर किंचित पोरकेपणा आणावा. परक्या मुलखात शिकणाऱ्याला तो मुद्दाम आणावा लागत नाही.

आता मोठी खरेदी. विद्यार्थ्याने आयुष्यात एकच यंत्र घ्यावं आणि ते म्हणजे तातुंगचा विजेवरचा कुकर. १९६० साली बाजारात आलेलं हे भांडं तैवानच्या घराघरांत आहे; परदेशी शिकायला जाणारी तैवानी मुलंसुद्धा ते सोबत नेतात. बाहेरच्या भांड्यात पेलाभर पाणी घालायचं, आत तांदूळ ठेवायचे आणि खटका दाबायचा. पाणी आटलं की खटका आपोआप वर येतो. यात भात, डाळ, बटाटे, इडल्या, अळूवड्यांचे उंडे, सगळं शिजतं. गणपतीत उकडीचे मोदकही निघतात, फक्त पीठ घेताना डोळे उघडे ठेवावेत. फळीवर दोन पिशव्या शेजारी-शेजारी असतात : एक साध्या तांदळाची, दुसरी चिकट तांदळाची. दुसरी आणली तर मोदकाच्या कळ्या पाडता पाडता पारीने बोटं धरून ठेवली असं होतं, आणि बाप्पाला त्या वर्षी लाडवावर भागवावं लागतं.

कुकरची अडचण एकच, तो शिट्टी देत नाही. डाळीला तीन, राजम्याला सहा, बटाट्याला दोन असं वेळेचं माप ज्या घरात चालतं, तिथून आलेल्या माणसाला हा मुका कुकर फार एकाकी वाटतो. त्यावर उपाय नाही. दुसरी अडचण कायदेशीर आहे : बहुतेक वसतिगृहांत खोलीत स्वयंपाकाला मनाई असते. त्यामुळे कुकर कपाटात, स्वेटरखाली नांदतो आणि तपासणीच्या वेळी कुणाच्याच मालकीचा नसतो. तिसरी बाब विजेची. तैवानची वीज ११० व्होल्टची, आपली २३० ची. घरून आणलेला मिक्सर इथे दमेकऱ्यासारखा धापा टाकतो, आणि इथला कुकर हौसेने भारतात नेऊन सरळ भिंतीत खुपसला तर एकदाच, पण झगझगीत काम करतो. पदवी मिळाल्यावर कुकर धाकट्या विद्यार्थ्याला द्यावा. मठात गादी जशी पुढे जाते, तशी वसतिगृहात कुकरची परंपरा चालते.

खाण्याच्या खरेदीत शाकाहाऱ्याने निश्चिंत असावं आणि सावधही. ज्या खानावळीच्या पाटीवर स्वस्तिक दिसेल तिथे बिनदिक्कत शिरावं. ती बौद्ध शाकाहाराची खूण आहे. आत गेल्यावर समोर अख्खा मासा, कोळंबी आणि कोंबडीची तंगडी दिसेल. किंचाळू नये. सगळं सोयाबीन, गहू आणि कोंजाक नावाच्या कंदाचं असतं. आपल्याकडे माणूस मांसाहार सोडतो तेव्हा त्याचा आकारही सोडतो. इथे आकार ठेवून आतला जीव बदलतात. बौद्ध शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य असल्याने चातुर्मास पाळणाऱ्याची बारमाही सोय होते. कांदेनवमी कुठे साजरी करायची, एवढाच प्रश्न उरतो. पाकिटबंद पदार्थांवर तर सरकारने शाकाहाराचे पाच वर्ग छापायला लावले आहेत : शुद्ध शाकाहार, अंड्यासह, दुधासह, अंडं-दूध दोन्हींसह, आणि कांदा-लसूण वर्गासह. अंड्यावरून मोडलेली लग्नं ज्या समाजाने पाहिली आहेत, त्याने या वर्गीकरणापुढे हात जोडावेत.

उपवासाच्या दिवशी काय करावं, ही शंका नव्या विद्यार्थ्यांना नेहमी पडते. शास्त्रार्थ असा. तैवानच्या सुप्रसिद्ध बबल टीमध्ये चहा असतो, तो चालतो. दूध चालतं. साखर चालते. तळाशी जे काळे मोती असतात ते कसाव्हाच्या स्टार्चचे, आणि तमिळनाडूत सेलमच्या आसपास तयार होणारा आपला साबुदाणाही त्याच कंदाचा. म्हणजे आषाढी एकादशीला बबल टी प्यायला कोणाचीही हरकत नसावी, फक्त पेल्यात मोती किती याकडे बघत बसू नये; उपवासाला मोजून खाणं अशुभ. साखर मात्र सांगून घ्यावी लागते : पूर्ण, सात दशांश, निम्मी, तीन दशांश की अजिबात नाही. बर्फाचीही अशीच चौकशी होते. पहिल्या वेळी गोंधळून सगळ्याला मान डोलावली की साखरेच्या पाकात बर्फ मिळतो. हे पेय कुणी शोधलं यावरून ताइचुंगमधलं एक आणि ताइनानमधलं एक अशी दोन चहाघरं वर्षानुवर्षं कोर्टात भांडली. अखेर २०१९ मध्ये कोर्टाने सांगितलं की याचं पेटंट कुणाकडेच नाही, तेव्हा कुणी शोधलं ते ठरवायची गरज नाही. पुरणपोळी कोकणची की देशावरची या वादातही असं एखादं कोर्ट मिळालं तर बरं होईल.

रात्रबाजाराबद्दल लोक फार लिहितात, म्हणून आम्ही थोडक्यात आटोपतो. शीलिन मोठा आहे, राओहं लांबट आहे, निंगश्या आटोपशीर आहे. गटार फुटल्याचा वास आला की समजावं, वाट बरोबर आहे. पुढे आंबवलेलं टोफू तळताहेत. पेरूच्या फोडी आलुबुखारच्या आंबट पुडीत घोळून देतात, त्या जरूर घ्याव्यात. पांढऱ्या कारल्याचा रसही मिळतो. आईने हयातभर मिनतवाऱ्या करूनही जो कारल्याला शिवला नाही, तो इथे पैसे मोजून रस पितो आणि फोटो घरी पाठवतो. त्यावर घरून येणारा निरोप वाचू नये.

बाजारातून निघताना एक पथ्य पाळायचं आहे. तैपेईच्या मेट्रोत खाणं-पिणं निषिद्ध. पाण्याचा घोट, च्युइंगगम, काहीही नाही. दंड १,५०० ते ७,५०० डॉलर, आणि इथे मात्र पावणेतिनकी जरूर म्हणावी म्हणजे जीभ आपोआप आवरते. लांब पल्ल्याच्या रेल्वेत मात्र उलट. तिथे स्टेशनावर जेवणाचा डबाच विकत मिळतो आणि गाडी सुटताच सारा डबा जेवायला बसतो. गाडी कल्याण सोडण्याआधी दशम्या उघडणाऱ्या आपल्या जमातीला या रेल्वेत सासुरवास अजिबात नाही.

इथून आपण भटकंतीकडे वळलो आहोत, तर ती कशी सुरू होते ते पाहू. ती प्रेमाने किंवा निसर्गाच्या ओढीने सुरू होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. ती १,२०० डॉलरच्या मासिक पासाने सुरू होते. २०२३ च्या जुलैपासून हा पास आहे : महिन्याला १,२०० भरा आणि कीलुंग, तैपेई, नवं तैपेई, ताओयुआन या पट्ट्यात मेट्रो, बस, साध्या रेल्वेगाड्या वाटेल तितक्या वापरा, भाड्याच्या सायकलचा पहिला अर्धा तासही त्यातच. पास हातात आला की मराठी माणसाच्या मनात एक शब्द घुमू लागतो : वसूल. सोमवार ते शुक्रवार प्रयोगशाळेत जाण्या-येण्यात काही वसूल होत नाही, कारण वसतिगृह चालत दहा मिनिटांवर असतं. मग शनिवारी पहाटे उठून, जिथवर रूळ जातील तिथवर जाणं भाग पडतं. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक निसर्गप्रेमींचं मूळ इथे आहे.

पहिला शनिवार हौतुंगला. पूर्वीची कोळशाची खाण, आता मांजरांचं गाव. खाण बंद पडली, माणसं गेली, मांजरं राहिली आणि आता त्यांना बघायला माणसं येतात. मांजरं कुणाकडे बघत नाहीत. येण्याजाण्याला खर्च शून्य. मात्र मांजराच्या आकाराचे केक घेण्यात पासाचे बरेचसे पैसे वसुलीच्या उलट दिशेने जातात.

तिथून पुढे फिंगशीची शाखा लाइन. १९२१ मध्ये कोळसा वाहायला घातलेली ही जेमतेम १३ किलोमीटरची वाट. श-फन स्टेशनात रूळ बाजारपेठेच्या अगदी मधून जातात. लोक रुळांवर उभे राहून कागदी आकाशकंदील पेटवतात, शिट्टी झाली की बाजूला पळतात, गाडी गेली की परत रुळांवर. मुंबईत लहानपणापासून रूळ ओलांडू नये ही घोषणा ऐकलेल्या माणसाच्या पायांना इथे विचित्र मोकळेपणा वाटतो.

कंदिलाच्या चार बाजूंवर ब्रशने चार इच्छा लिहायच्या असतात. पहिल्या बाजूवर शोधनिबंध छापून येवो असं लिहावं. दुसरीवर शिष्यवृत्ती वेळेवर जमा होवो. तिसरीवर घरच्यांसाठी आरोग्य-समृद्धी, कारण फोटो त्यांनाच पाठवायचा आहे. चौथी बाजू फोटोत येत नाही, तिथे मार्गदर्शक प्राध्यापकांविषयी काय लिहावं हे ज्याचं त्याने ठरवावं. सारं देवनागरीत लिहावं. वर जाताना कुणालाही वाचता येत नाही, ही सोय मोठी आहे. एक सावधगिरी मात्र हवी. प्राध्यापकांच्या गटात दुसरा मराठी विद्यार्थी असेल तर त्याला कंदिलाच्या या बाजूला उभं करू नये.

च्योफनला पाऊस गृहीत धरावा. सोन्याच्या खाणीचं हे डोंगरउतारावरचं गाव खाण आटल्यावर विसरलं गेलं होतं. हौ श्याओ-श्येन यांचा 'अ सिटी ऑफ सॅडनेस' इथे चित्रित झाला, १९८९ मध्ये त्याला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला, आणि तेव्हापासून गाव उदास राहिलेलं नाही. पायऱ्यांवर छत्र्यांना छत्र्या अडकतात. लाल कंदिलांचं चहाघर दिसलं की कुणीतरी मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'चं नाव घेतोच. खुद्द मियाझाकींनी हा संबंध नाकारलेला आहे, पण फोटो काढणाऱ्यांना ते कुणी कळवलेलं नाही. इथला खरा ऐवज म्हणजे अळूच्या कंदाचे मऊ, चिवट गोळे, गोड पाकात आणि थंडीत गरम. आपल्या अळकुड्याच त्या! घरी अळकुड्यांची भाजी झाली की ताटावरून उठणारे तरुण इथे पावसात रांग लावून, वाटी दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून खातात. आईंनी हे पाहू नये.

पासाच्या हद्दीबाहेर जायचं तर हाय-स्पीड रेल्वे आहे. २००७ पासून धावते. तैपेईहून दक्षिणेच्या त्सोयिंगला दीड तासाच्या थोडं वर. तैवानच्या विद्यापीठांत शिकणाऱ्यांना काही गाड्यांत सवलत मिळते, कधी अगदी निम्मं भाडं. अर्थात ती गाडी सहसा अशा वेळी सुटते, जेव्हा विद्यार्थी झोपलेला असतो. चिआयीला उतरून अलिशानची लहान गाडी धरावी. जपानी राजवटीत, १९१२ साली, लाकूड उतरवायला बांधलेला हा मार्ग समुद्रसपाटीजवळून २,२०० मीटरच्या वर चढतो. डोंगरात गाडी पुढे जाते, थांबते, उलटी फिरते आणि मागे मागे चढत राहते. भोर घाटातही एके काळी गाडी अशीच उलटी करून चढवत, हे सोबतच्या तैवानी मित्राला आवर्जून सांगावं. त्याला ऐकायचं नसतं, तरी सांगावं. पहाटे सूर्योदयाची वेगळी गाडी असते. सूर्य दिसला नाही तर ढग बघायला आलो होतो असं म्हणावं.

टायफूनचा नियम वेगळा आहे. वादळ येणार असलं की आदल्या रात्री शहरांचे महापौर उद्या सुट्टी की नाही ते जाहीर करतात, आणि त्या रात्री वसतिगृहात हवामानखात्याचा नकाशा परीक्षेच्या वेळापत्रकाहून बारकाईने वाचला जातो. २६ जुलैनंतरच्या मुंबईत वाढलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. सुट्टी जाहीर होताच सुपरमार्केट गाठावं. इन्स्टंट नूडल्स संपलेले असतील, पालेभाज्यांचे भाव चढलेले असतील. तरीही काही ना काही घेऊनच परतावं. रिकाम्या हाताने आलेल्याला खोलीतले लोक वादळाहून कडक वागवतात.

घरची आठवण फार झाली तर मेट्रोच्या केशरी लाइनने थेट शेवटच्या नानश-च्याओ स्टेशनाला जावं. तिथे म्यानमारहून आलेल्या चिनी वंशाच्या लोकांची गल्ली आहे. ब्रह्मदेशात हिंदी माणसांच्या शेजारी राहून ते दाट दुधाचा चहा आणि नान शिकले, आणि तीच चव इथे घेऊन आले. चहा उकळलेला, नान वाटाण्याच्या उसळीसोबत. इथे गुणाकार करू नये.

आता खरेदीच्या उत्तरकार्याकडे. प्रत्येक खरेदीसोबत खोकी, पिशव्या, डबे येतात आणि तैपेईत कचरा ठरावीक, विकतच्या पिशवीतच टाकावा लागतो. २००० सालापासूनचा नियम आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने संध्याकाळी कान टवकारून बसावं. बेथोव्हेनची 'फ्युर एलीझ' ऐकू आली की चप्पल घालून धावावं. ती घंटागाडी आहे. पुण्या-नाशिकच्या घंटागाड्याही गाणी वाजवतात, पण त्या तुमच्या दारापर्यंत येतात. इथे दारापासून गाडीपर्यंत तुम्हाला जावं लागतं, आणि गाडी फार थांबत नाही. पिशवी विकतची असल्यामुळे मराठी विद्यार्थी कचराच कमी करतो. 'उपयोगी पडेल' म्हणून ठेवलेले डबे पलंगाखाली साठत जातात. इथली नगरपालिका या धोरणाला पर्यावरणरक्षण म्हणते. आमच्या घरी याला आईचा स्वभाव म्हणत.

पावत्या मात्र चुकूनही टाकू नयेत. तैवानात दुकानाच्या प्रत्येक पावतीवर लॉटरीचा क्रमांक असतो. दुकानदारांनी विक्री लपवू नये म्हणून १९५१ मध्ये सरकारने ही युक्ती काढली, आणि आजही दर विषम महिन्याच्या २५ तारखेला सोडत निघते. परदेशी विद्यार्थ्यालाही बक्षीस मिळतं. शेवटचे तीन आकडे जुळले तर २०० डॉलर, सर्वांत मोठं बक्षीस एक कोटी. या एका आकड्याला पावणेतिनाने गुणायला आम्ही पूर्ण मुभा देतो. परिणामी, एक पाण्याची बाटली, एक केळं आणि एक उकडलेलं अंडं तीन वेगवेगळ्या पावत्यांवर घेणारा विद्यार्थी दिसला, तर त्याला वेडा समजू नये. तो गुंतवणूक करतो आहे.

शेवटी, घरी जाताना न्यायच्या वस्तू. अननसाचे केक सर्वमान्य आहेत : चौकोनी, बंद पाकिटातले, न सांडणारे. पारंपरिक केकच्या सारणात अननसाबरोबर कोहळाही असतो, त्यामुळे आवळा न देता कोहळा देण्याचं दुर्मीळ पुण्य पदरी पडतं. पुण्याची आत्या मात्र पहिल्यांदा हेच विचारणार : "यात अंडं असतं का रे?" असतं. खोक्यावरचा वर्ग पाहून आधीच दोन ढीग करावेत आणि आत्याच्या ढिगात चहाचे डबे घालावेत. विमानतळावर वजन जास्त भरलं तर आधी आपले कपडे काढावेत, मग पुस्तकं, मग प्रबंधाची प्रत. केकची खोकी काढू नयेत. ती किती आणली याची यादी आत्याकडे आधीच पोहोचलेली असते.